छत्री एकाची, दांडा दुसऱ्याच्या हातात

दीपस्तंभ

अण्वस्त्रांचा विषय निघाला की आपली नजर थेट शत्रूकडे जाते. त्याच्याकडे किती बॉम्ब, आपल्याकडे किती, तो कचरेल की नाही. मित्राकडे फारसं कुणी पाहत नाही. ज्याच्याकडे स्वतःचं एकही अण्वस्त्र नाही, जो दुसऱ्या देशाच्या शब्दावर विसंबून आहे, त्याच्या मनात काय चालत असेल? 'अण्वस्त्र छत्र' हा शब्द वाचला की मला हाच प्रश्न पडतो. छत्रीखाली उभं राहायचं, पण दांडा दुसऱ्याच्या हातात. वादळ सुटल्यावर तो जागा सोडणार नाही ना?

१९६४ ते १९७० या काळात ब्रिटनचे संरक्षणमंत्री असलेले डेनिस हीली यांनी याचं एक गणित मांडलं होतं. अमेरिका खरोखर अण्वस्त्रांनी प्रत्युत्तर देईल याची ५ टक्के खात्री असली तरी रशियाला थोपवायला ती पुरते. युरोपातल्या मित्रांना निर्धास्त करायला मात्र ९५ टक्के लागते. हे आकडे कुणी मोजून काढलेले नाहीत, पण या विषयाचा गाभा मला त्यातच दिसतो. शत्रूचा अंदाज चुकला तर त्याची शहरं राख होतात, म्हणून त्याला कणभर शंका आवरून धरते. मित्राचा अंदाज चुकला तर त्याचीही शहरं राख होतात, म्हणून तेवढीच शंका त्याला आतून पोखरत राहते.

१९६१ मध्ये केनेडी पॅरिसला गेले तेव्हा फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष द गॉल यांनी त्यांना तोंडावर विचारलं होतं की पॅरिससाठी तुम्ही न्यूयॉर्क पणाला लावाल का. फ्रान्सने आदल्याच वर्षी, फेब्रुवारी १९६० मध्ये, सहारात पहिली अणुचाचणी केली होती. म्हणजे द गॉल उत्तराच्या प्रतीक्षेत नव्हतेच. १९६६ मध्ये त्यांनी फ्रान्सला नाटोच्या एकत्रित लष्करी रचनेतून बाहेर काढलं.

दक्षिण कोरियाची गोष्ट मला याहून बोलकी वाटते. १९५८ पासून अमेरिकेची अण्वस्त्रं त्या देशाच्या भूमीवरच होती, १९६७ च्या सुमारास तर ती साडेनऊशेच्या घरात होती. जुलै १९६९ मध्ये निक्सन यांनी ग्वाममध्ये जाहीर केलं की आशियातल्या मित्रांनी आपल्या संरक्षणाचा भार मुख्यतः स्वतः उचलावा. अण्वस्त्र छत्र कायम राहील, असं त्याच भूमिकेत स्पष्ट म्हटलं होतं. १९७१ मध्ये अमेरिकेची सातवी पायदळ डिव्हिजन, सुमारे २०,००० सैनिक, कोरिया सोडून गेली. अण्वस्त्रं जागच्या जागी होती. तरीही राष्ट्राध्यक्ष पार्क चुंग ही यांनी गुपचूप अणुकार्यक्रम सुरू केला. १९७५ मध्ये तर त्यांनी उघडच सांगितलं की छत्र काढून घेतलं तर आम्ही स्वतःचं अस्त्र बनवू. त्याच वर्षी सायगाव, म्हणजे अमेरिकेच्या मित्राची, दक्षिण व्हिएतनामची राजधानी, पडलं होतं, ते विसरू नका. शेवटी अमेरिकेच्या दबावाखाली फ्रान्सकडून घ्यायच्या पुनर्प्रक्रिया प्रकल्पाचा (अणुभट्टीतल्या वापरलेल्या इंधनातून बॉम्बला चालणारं प्लुटोनियम वेगळं करणाऱ्या) व्यवहार जानेवारी १९७६ मध्ये रद्द झाला.

साडेनऊशे बॉम्बनी जो धीर दिला नाही, तो माणसं निघून जाताना संपला. माझं मत याच्यावरच उभं आहे. जरब बसवणं आणि धीर देणं ही दोन निराळी कामं आहेत आणि दुसरं काम बॉम्बच्या संख्येने होत नाही. जाणकारांनी लिहावं.

कुतूहल

धागा आवडला. एक प्राथमिक प्रश्न विचारते. युरोपात आजही अमेरिकेचे बॉम्ब आहेत म्हणतात, तर ते टाकणार कोण? त्या त्या देशाचे वैमानिक की अमेरिकेचे?

दीपस्तंभ

@कुतूहल, प्रश्न प्राथमिक नाही, अगदी मर्माचा आहे. बेल्जियम, नेदरलँड्स, जर्मनी, इटली आणि तुर्की या पाच देशांत मिळून बी-६१ जातीचे सुमारे १०० बॉम्ब असल्याचा अभ्यासकांचा अंदाज आहे. सरकारं याला अधिकृत दुजोरा देत नाहीत. शांततेच्या काळात बॉम्ब अमेरिकी पहाऱ्यात तळघरांत असतात आणि त्यांची कुलपं उघडणारे सांकेतिक आकडे अमेरिकेकडे. युद्धात अमेरिकी राष्ट्राध्यक्षांनी परवानगी दिली तर जर्मन किंवा डच वैमानिक आपल्या देशाच्या विमानातून तो बॉम्ब नेणार. थोडक्यात, नको म्हणण्याचा अधिकार दोघांकडे आहे आणि हो म्हणण्याचा एकट्या अमेरिकेकडे.

लष्करी दृष्टीने या १०० बॉम्बची गरज किती, यावर अमेरिकेतच वाद आहेत. समुद्राखालच्या पाणबुड्या तेच काम करू शकतात. पण पाणबुडी दिसत नाही आणि तिच्यात जर्मन माणूस नसतो.

समुद्रपक्षी

पाणबुडीत नाही, पण जहाजावर बसवायचा प्रयत्न झाला होता! १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेने 'बहुराष्ट्रीय दल' नावाची योजना पुढे केली. २५ जहाजं, प्रत्येकावर ८ पोलॅरिस, म्हणजे एकूण २०० क्षेपणास्त्रं आणि खलाशी अनेक देशांचे मिसळलेले, म्हणजे कुठल्याही एका देशाला जहाज घेऊन निघून जाता येऊ नये. एका अमेरिकी विनाशिकेवर १९६४-६५ मध्ये असे मिश्र खलाशी ठेवून प्रत्यक्ष प्रयोगही केला. वेगवेगळ्या भाषांची, वेगवेगळ्या नौदलांच्या सवयींची माणसं एका जहाजावर नांदू शकतात, हे त्यातून दिसलं.

तरीही योजना बारगळली, कारण शेवटचा होकार वॉशिंग्टनचाच राहणार होता. ब्रिटनला ती नको होती, फ्रान्सला तर नकोच होती, आणि पश्चिम जर्मनीचं बोट कळीवर जाणार या कल्पनेने मॉस्को खवळली होती. १९६४ च्या अखेरीस जॉन्सन यांनी आग्रह सोडला.

तिच्या जागी जे आलं ते दिसायला फारच साधं होतं. डिसेंबर १९६६ मध्ये नाटोचा अण्वस्त्र नियोजन गट स्थापन झाला. एक टेबल, भोवती मित्रदेशांचे संरक्षणमंत्री आणि समोर कागद. कुठे, कधी, कशासाठी वापर होऊ शकतो यावर बोलायची जागा. मला वाटतं, दीपस्तंभ यांच्या मुद्द्याचा हा सर्वांत भक्कम पुरावा आहे. २०० क्षेपणास्त्रांच्या ताफ्याला जे साधलं नसतं ते या टेबलाने पन्नासहून अधिक वर्षं बऱ्यापैकी साधलं आहे. फ्रान्स आजही त्या टेबलाशी बसत नाही.

उत्तररात्र

मला इथे ठाम असहमती नोंदवायची आहे. 'धीर देणं' हा शब्द फार मवाळ आहे आणि त्याखाली काय काय खपवलं गेलं ते पाहा.

१९७६ पासून सोव्हिएत संघाने एसएस-२० ही फिरत्या वाहनावरची, तीन स्फोटकाग्रांची (टोकाला तीन अणुबॉम्ब असलेली) क्षेपणास्त्रं तैनात करायला सुरुवात केली. ऑक्टोबर १९७७ मध्ये पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर हेल्मुट श्मिट यांनी लंडनच्या भाषणात युरोपातल्या या असमतोलाकडे लक्ष वेधलं. त्यांची चिंता खरी होती. अमेरिका आणि रशिया एकमेकांच्या लांब पल्ल्याच्या अस्त्रांवर मर्यादा घालत होते आणि युरोपवर रोखलेली अस्त्रं त्या हिशेबाबाहेर राहत होती. डिसेंबर १९७९ मध्ये नाटोने ठरवलं की एकीकडे वाटाघाटी करायच्या आणि त्या फसल्या तर १०८ पर्शिंग-२ आणि ४६४ क्रूझ क्षेपणास्त्रं युरोपात आणायची.

मित्रांना धीर देण्यासाठी हे सारं. प्रत्यक्षात काय झालं? ऑक्टोबर १९८१ मध्ये बॉनमध्ये सुमारे ३ लाख लोक रस्त्यावर उतरले. ब्रिटनमध्ये ग्रीनहॅम कॉमनच्या तळाबाहेर स्त्रियांनी मुक्काम ठोकला, तो पुढे एकोणीस वर्षं टिकला. सरकारांना धीर देणारी अस्त्रं लोकांना रात्रंदिवस भिववत होती. खुद्द श्मिट यांच्या पक्षाने १९८३ मध्ये या क्षेपणास्त्रांविरुद्ध ठराव केला. नोव्हेंबर १९८३ मध्ये पर्शिंग येऊ लागली तेव्हा सोव्हिएत प्रतिनिधी जिनिव्हातली बोलणी सोडून निघून गेले. त्याच महिन्यात नाटोचा 'एबल आर्चर' सराव चालू असताना मॉस्कोतल्या काहींना तो खऱ्या हल्ल्याची तयारी वाटला.

मित्राला धीर देताना आपण शत्रूला किती भयभीत करतो, याचा हिशेब हीलींच्या गणितात नाही.

दीपस्तंभ

@उत्तररात्र, तुमच्या शेवटच्या वाक्याशी मी पूर्ण सहमत आहे आणि मूळ लेखात ते यायला हवं होतं. एक भर घालतो. त्याच क्षेपणास्त्रांमुळे डिसेंबर १९८७ चा आयएनएफ करार, म्हणजे जमिनीवरून डागायच्या मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांवरच्या बंदीचा करार, शक्य झाला, असंही मानणारे आहेत. रेगन आणि गोर्बाचेव्ह यांनी सही केलेल्या त्या कराराखाली मे १९९१ पर्यंत दोन्ही बाजूंची मिळून २,६९२ क्षेपणास्त्रं नष्ट झाली.

उत्तररात्र

गोर्बाचेव्ह आले म्हणून शक्य झाला, असं मी म्हणेन. अन् २०१९ मध्ये तो करारही संपला. असो, यावर आपलं एकमत व्हायचं नाही.

वाचनमात्र

सहसा फक्त वाचते, आज राहवलं नाही. धीर देण्याबद्दल एवढं बोलणं चाललंय आणि युक्रेनचं नाव कुणीच घेत नाही? सोव्हिएत संघ फुटला तेव्हा युक्रेनच्या भूमीवर सुमारे १,९०० सामरिक स्फोटकाग्रं होती. ५ डिसेंबर १९९४ ला बुडापेस्टमध्ये रशिया, अमेरिका आणि ब्रिटनने त्या देशाच्या सीमांचा मान राखायचा शब्द कागदावर दिला आणि युक्रेनने सगळी अस्त्रं सोडली. पुढे २०१४ मध्ये रशियाने क्रिमिया घेतला आणि २४ फेब्रुवारी २०२२ ला थेट हल्ला केला. छत्रीच्या दांड्याची गोष्ट करायची तर ही आधी करा.

तिसरा डोळा

@वाचनमात्र, तुमची कळकळ पोचली. पण दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. एक म्हणजे त्या अस्त्रांचा ताबा, म्हणजे ती डागण्याचे संकेत, मॉस्कोकडेच होते. ती आपल्या कह्यात आणायला युक्रेनला वेळ आणि पैसा दोन्ही लागला असता. दुसरी जास्त महत्त्वाची: त्या कागदात 'हमी' हा शब्द जाणूनबुजून टाळून 'आश्वासन' वापरला होता. हल्ला झाल्यास आम्ही लढायला येऊ असं अमेरिकेने त्यात कुठेही म्हटलेलं नाही. अण्वस्त्रांचा वापर वा त्याची धमकी असलेल्या आक्रमणात सुरक्षा परिषदेकडे धाव घेण्याचं वचन होतं आणि तिथे रशियाला नकाराधिकार आहे. नाटोच्या कलम ५ शी, म्हणजे एका सदस्यावरचा हल्ला सगळ्यांवरचा मानणाऱ्या कलमाशी, त्याची तुलना होत नाही.

पण युक्रेनचा धडा बाकीच्यांनी कसा वाचला ते पाहण्यासारखं आहे. फिनलंड आणि स्वीडन यांनी दशकानुदशकं जपलेली अलिप्तता सोडली आणि २०२३ व २०२४ मध्ये ते नाटोत गेले. त्यांना नुसता शब्द नको होता, कलम हवं होतं.

आता मूळ मुद्द्याकडे. दीपस्तंभ म्हणतात माणसं महत्त्वाची. का, हे अमेरिकी रणनीतितज्ज्ञ थॉमस शेलिंग यांनी शीतयुद्धातच अगदी निष्ठूरपणे सांगितलं होतं. पश्चिम बर्लिनमध्ये मित्रराष्ट्रांचे जेमतेम १२,००० सैनिक होते, चारही बाजूंनी वेढलेले. सोव्हिएत फौजांपुढे त्यांचा टिकाव लागणं अशक्य. मग ते तिथे कशासाठी? मरण्यासाठी. ते मेले की अमेरिकी राष्ट्राध्यक्षाला गप्प बसता येणार नाही, हे मॉस्कोलाही ठाऊक आणि बर्लिनकरांनाही. पणाला काय लावलंय ते डोळ्यांना दिसतं.

आज लिथुआनियात जर्मनी सुमारे ५,००० जणांची ब्रिगेड कायमची ठेवतोय, कुटुंबांसह राहायची सोय करून. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीने परदेशात असं पहिल्यांदाच केलंय. रशियाला अडवायला ५,००० पुरणार नाहीत, हे लिथुआनियालाही कळतं. पण जर्मन मुलं तिथल्या शाळेत जाऊ लागली की बर्लिनचा शब्द कागदावर राहत नाही.

समुद्रपक्षी

+१. मुलांच्या शाळेचा मुद्दा फार आवडला.

कुतूहल

मग जपानचं काय? हिरोशिमा-नागासाकी सोसलेला देश त्याच अस्त्राच्या छत्राखाली उभा आहे, हे मला कधीच समजलं नाही. त्यांचे माजी पंतप्रधान सातो यांना तर शांततेचं नोबेल मिळालं होतं ना?

तिसरा डोळा

हो, १९७४ मध्ये. अण्वस्त्रं बाळगणार नाही, बनवणार नाही, देशात येऊ देणार नाही ही तीन तत्त्वं सातो एइसाकू यांनी डिसेंबर १९६७ मध्ये मांडली. पण त्याच सातोंनी अमेरिकेच्या अण्वस्त्र संरक्षणाचं वचनही मागून घेतलं होतं. ऑक्टोबर १९६४ मध्ये चीनने पहिली चाचणी केली होती आणि शेजारी अणुसत्ता उभी राहिली होती. तीन तत्त्वं आणि छत्र ही एकाच धोरणाची दोन पावलं आहेत, एक उचललं तर दुसऱ्यावर तोल जातो. हिबाकुशा, म्हणजे बॉम्बमधून वाचलेले लोक, हे पाऊल चूक आहे असं आयुष्यभर सांगत आले. त्यांच्या निहोन हिदांक्यो या संघटनेला २०२४ चं शांतता नोबेल मिळालं. माझ्या मनात या दोन नोबेलांचा मेळ बसत नाही आणि तो मी ओढूनताणून बसवणारही नाही.

एक कमी माहीत असलेला प्रसंग सांगतो. अमेरिकेकडे जहाजांवरून डागायची अण्वस्त्रधारी टोमाहॉक क्षेपणास्त्रं होती. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीलाच ती जहाजांवरून काढून गोदामात ठेवली होती. २००९ च्या सुमारास ती कायमची मोडीत काढायचं घाटलं, तेव्हा जपानला ती हवी आहेत अशी चर्चा वॉशिंग्टनमध्ये सुरू झाली. वर्षानुवर्षं गोदामात पडलेलं अस्त्र! जपानचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री ओकादा कात्सुया यांनी डिसेंबर २००९ मध्ये पत्र लिहून खुलासा केला की अमुक एक अस्त्र ठेवा असा आमचा आग्रह नाही, मात्र ते काढलं तर आमच्या संरक्षणाची भरपाई कशी होणार ते आम्हाला समजावून सांगा. क्षेपणास्त्रं २०१० मध्ये मोडीत काढायचं ठरलं आणि त्याच वर्षापासून दोन्ही देशांचे अधिकारी याच विषयावर नियमित बसू लागले. जपानने मागितलं होतं ते एवढंच: आम्हाला विश्वासात घ्या.

उत्तररात्र

आणि २०१६ मध्ये ओबामा 'प्रथम वापर नाही' हे धोरण जाहीर करायचा विचार करत होते तेव्हा तो मागे पडण्यात मित्रदेशांच्या नाराजीचा मोठा वाटा होता, त्यात जपानही. बायडेन तर निवडणुकीत म्हणत होते की अण्वस्त्रांचा एकमेव हेतू अण्वस्त्रांना रोखणं हाच असावा. २०२२ च्या धोरणपत्रात ते आलं नाही, कारण पुन्हा मित्र. म्हणजे मित्रांचा धीर टिकवण्यासाठी जग थोडं जास्त धोकादायक ठेवायचं. मला हे पटत नाही. न्यूझीलंडने दुसरी वाट दाखवली आहे. १९८५ मध्ये डेव्हिड लाँग यांच्या सरकारने अमेरिकेच्या विनाशिकेला बंदरात येऊ दिलं नाही, कारण जहाजावर अण्वस्त्रं आहेत की नाहीत हे अमेरिका सांगायला तयार नव्हती. पुढच्या वर्षी अमेरिकेने संरक्षणाची जबाबदारी स्थगित केली. न्यूझीलंडने १९८७ मध्ये अण्वस्त्रमुक्तीचा कायदाच केला. छत्रीबाहेर पडूनही तो देश उभा आहे.

समुद्रपक्षी

न्यूझीलंडच्या शेजारी उत्तर कोरिया नाही, उत्तररात्र. सेऊल सीमेपासून पन्नासेक किलोमीटरवर आहे.

उत्तररात्र

हे मान्य करायलाच हवं.

वाचनमात्र

सेऊलवरून आठवलं. २०२२ च्या एका पाहणीत दक्षिण कोरियातल्या ७१ टक्के लोकांनी स्वतःची अण्वस्त्रं असावीत असं म्हटलं होतं. जानेवारी २०२३ मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष यून यांनी तशी शक्यता जाहीरपणे बोलून दाखवली. म्हणजे १९७५ चे पार्क परत आले की! तिकडे युरोपातही मार्च २०२५ मध्ये माक्रों म्हणाले की आमच्या अण्वस्त्रांनी मित्रांचं रक्षण करण्यावर चर्चा व्हावी, पण निर्णय फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांच्याच हाती राहील. पॅरिससाठी न्यूयॉर्क पणाला लावाल का, असं विचारणाऱ्यांच्या वारसांना आता पोलंडची राजधानी वॉर्सा विचारणार: आमच्यासाठी पॅरिस लावाल का?

दीपस्तंभ

@वाचनमात्र, तुम्ही नेहमी लिहीत जा, कृपया. वॉर्साचा प्रश्न मला सुचला नव्हता. फ्रान्सकडे सुमारे २९० स्फोटकाग्रं आहेत, अमेरिकेच्या तुलनेत फारच थोडी. पण फ्रान्स युरोपातच आहे. तिथून पळून जायला त्याच्याकडे महासागर नाही. हे अंतर ९५ टक्क्यांच्या हिशेबात किती धरायचं, यावर मी अजून विचार करतोय.

कोरियाचं पुढे काय झालं ते सांगतो. यून यांच्या त्या बोलण्यानंतर तीनेक महिन्यांनी, २६ एप्रिल २०२३ ला, वॉशिंग्टन घोषणापत्र आलं. दक्षिण कोरियाने अण्वस्त्रप्रसारबंदी कराराशी बांधील राहण्याचा शब्द पुन्हा दिला. बदल्यात अमेरिकेने सल्लामसलतीसाठी दोन्ही देशांचा अण्वस्त्र सल्लागार गट नेमला. समुद्रपक्षी यांनी सांगितलेल्या १९६६ च्या टेबलाचंच हे धाकटं भावंड. गटाची पहिली बैठक १८ जुलैला सेऊलमध्ये झाली आणि त्याच दिवशी अमेरिकेची 'केंटकी' ही अण्वस्त्रधारी पाणबुडी बुसानच्या धक्क्याला लागली. अशी पाणबुडी कोरियात १९८१ नंतर पहिल्यांदाच आली. तिच्यावरच्या ट्रायडंट क्षेपणास्त्रांचा पल्ला हजारो किलोमीटरचा असल्याने बुसानला येण्याची लष्करी गरज मुळीच नव्हती. उलट लपून राहणं हेच तिचं बळ. ती आली दिसण्यासाठी. दुसऱ्या दिवशी यून स्वतः तिच्यावर चढले.

कुतूहल

आणि उत्तर कोरिया? त्यांनीही ती पाहिलीच असेल ना.

दीपस्तंभ

पाहिली. यून पाणबुडीवर चढायच्या आधीच, १९ जुलैच्या पहाटे, उत्तर कोरियाने दोन क्षेपणास्त्रं पूर्वेच्या समुद्रात डागली. ती सुमारे ५५० किलोमीटर गेली. जिथून डागली तिथून बुसान साधारण तेवढ्याच अंतरावर आहे.